जपानमधील फ्रेंच पद्धतीच्या बेकरीत पहिल्यांदा जाताना

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा सहलीसाठी जपानला गेलेल्या मराठी माणसाच्या वाटेत बेकरी लवकरच येते, कारण मोठ्या शहरांत रेल्वे स्थानक, डिपार्टमेंट स्टोअरचे तळघर आणि घराजवळची गल्ली अशा तिन्ही ठिकाणी बेकऱ्या असतात. त्यांतल्या कित्येक ठिकाणी फ्रेंच पद्धतीचे पाव फार उत्तम मिळतात. मात्र नावाच्या पाट्या कातकाना लिपीत असतात, विक्रेता मदतीला पुढे येत नाही आणि मागे रांग वाढत असते, त्यामुळे नवखा माणूस ओळखीचा वाटणारा एखादा गोड बन उचलतो आणि बाहेर पडतो. हे टाळता यावे म्हणून दुकान निवडण्यापासून घरी पाव टिकवण्यापर्यंतची सगळी माहिती येथे क्रमाने दिली आहे. एक आग्रह मात्र आधीच मांडतो: पहिल्या खेपेला साधा बागेत, म्हणजे लांब, कडक कवचाचा फ्रेंच पाव, घ्यावा. बेकरीची खरी पारख त्यावरच होते, आणि शाकाहारी माणसाला निर्धास्तपणे खाता येण्याची सर्वांत जास्त शक्यताही त्याच पावात असते.

दुकान कसे ओळखावे

जपानी बेकरीतल्या पावांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट मऊ, किंचित गोड आणि बहुधा सारण भरलेल्या पावांचा असतो. अझुकी या कडधान्याचे गोड पुरण भरलेला आंपान, वर बिस्किटासारखा थर असलेला मेलोनपान आणि तळलेला करीपान हे त्यातले ठळक प्रकार होत. दुसरा गट कडक कवचाच्या, बिनसाखरेच्या पावांचा असून त्याला तिकडे ‘हादो-केइ’, म्हणजे कडक जातीचे पाव, असे म्हणतात. ज्या दुकानात या दुसऱ्या गटाला मानाची जागा असते ते फ्रेंच पद्धतीचे दुकान समजावे. नावात ‘बुलांजेरी’ (पावाची बेकरी) हा फ्रेंच शब्द किंवा दारावर फ्रान्सचा तिरंगी झेंडा दिसला तर तो चांगला संकेत आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. आत नजर टाकून लांब पाव उभे ठेवलेली टोपली आणि मोठे गोल पाव दिसतात का ते पाहावे.

ही परंपरा अलीकडची नाही. ज्या पोर्तुगीजांनी गोव्याला पाव दिला तेच सोळाव्या शतकाच्या मध्यास जपानलाही पोहोचले होते, परंतु तिथे पावाने खऱ्या अर्थाने मूळ धरले ते मेइजी सम्राटाच्या काळात (1868 ते 1912). टोकियोच्या किमुराया या बेकरीने 1874 मध्ये आंपान तयार केला. 1888 मध्ये टोकियोतल्याच सेकिगुचीच्या कॅथलिक चर्चच्या आश्रयाने फ्रेंच पाव भाजला जाऊ लागला आणि ‘सेकिगुची फ्रान्सपान’ हे दुकान आजही त्या भागात आहे. क्योतोच्या शिनशिन्दो या बेकरीची स्थापना 1913 मधली. आज आपल्याला दिसणाऱ्या बागेतची घडण मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. पॅरिसमध्ये बेकरीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक रेमों काल्वेल 1954 मध्ये पहिल्यांदा जपानला आले आणि पुढे वारंवार येऊन त्यांनी तिथल्या बेकरांना शिकवले. 1965 मध्ये टोकियोच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात पाव भाजून दाखवण्यासाठी फिलिप बिगो हा तरुण फ्रेंच बेकर आला आणि तिकडचाच झाला. कोबेत 1905 साली सुरू झालेल्या दोन्क या कंपनीत त्याने काम केले. दोन्कने 1966 मध्ये टोकियोच्या आओयामा भागात दुकान उघडले तेव्हा लांब फ्रेंच पाव हातात घेऊन फिरण्याची तिथे फॅशनच आली. बिगोने पुढे 1972 मध्ये कोबेजवळच्या आशिया नावाच्या शहरात स्वतःचे दुकान काढले. जपानी बेकर कुणाच्या हाताखाली शिकला हे आवर्जून सांगितले जाते, आणि दोन्क किंवा बिगो यांच्या तालमीत तयार झालेल्या माणसाचे दुकान असेल तर तिथला कडक पाव डोळे झाकून घ्यावा असे माझे मत आहे.

जवळपास चौकशीला कुणी नसेल तर सुरुवात डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाद्यविभागातून, म्हणजे ज्याला तिकडे ‘देपाचिका’ म्हणतात तिथून करावी. दोन्कच्या शाखा अशा ठिकाणी देशभर आहेत. किमुराया घराण्यातल्या एका व्यक्तीने 2001 मध्ये जपानला आणलेली मेझों कायझर ही फ्रेंच बेकरीदेखील मोठ्या शहरांत सहज सापडते. टोकियोत शिबुया आणि मारुनोउची येथे असलेले विरों हे दुकान फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गिरणीच्या पिठाचा बागेत करते. तो थोडा महाग असला तरी एकदा तरी खाण्यासारखा आहे.

केव्हा जावे

बहुतेक बेकऱ्या सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उघडतात. उघडल्या उघडल्या गेल्यास मऊ पाव भरपूर दिसतात, पण कडक पाव बऱ्याच दुकानांत उशिरा, दहा ते बाराच्या सुमारास भट्टीतून निघतात, कारण त्यांचे पीठ सावकाश आंबवावे लागते. दारात किंवा काउंटरवर कोणता पाव किती वाजता तयार होतो याचा छोटा तक्ता अनेकदा लावलेला असतो. त्याचा फोनने फोटो काढून घरी भाषांतर करून ठेवावे. तक्ता नसेल तर ‘बागेत्तो वा नान्जि नि याकेमास का?’, म्हणजे बागेत किती वाजता भाजून होतो, असे विचारावे. ‘याकितते’ अशी पाटी दिसली तर तो पाव नुकताच भट्टीतून आलेला आहे.

लहान दुकानांचा माल दुपारी तीन-चारलाच संपतो आणि माल संपला की दुकान बंद होते, मग पाटीवरची वेळ काहीही असो. आठवड्याची सुट्टीही रविवारी असेल असे नाही. सोमवार किंवा मंगळवार, कधी दोन्ही दिवस बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी नकाशावर त्या दिवसाची वेळ पाहून घ्यावी. आपल्याला हवा तो पाव संपण्याची भीती असेल तर सकाळी फोन करून ‘तोरिओकि’, म्हणजे नावाने बाजूला ठेवण्याची विनंती करता येते. ती केल्यावर मात्र ठरलेल्या वेळी गेलेच पाहिजे.

आत गेल्यावर

दारापाशी ट्रे आणि चिमटे ठेवलेले असतात. ट्रेवर कागद अंथरलेला नसेल तर शेजारच्या गठ्ठ्यातला एक कागद घेऊन अंथरावा. ग्राहकाने स्वतः ट्रे-चिमटा घेऊन पाव निवडण्याची ही पद्धत रुजवण्याचे श्रेय हिरोशिमातल्या अँडरसन बेकरीच्या 1967 मध्ये उघडलेल्या दुकानाला दिले जाते. कोविडच्या काळानंतर काही दुकानांनी पाव काचेआड ठेवले आहेत. तिथे ट्रे दिसणार नाही. रांगेत उभे राहून बोटाने दाखवावे आणि ‘कोरे ओ हितोत्सु ओनेगाइशिमास’, म्हणजे यातला एक द्यावा, असे म्हणावे.

ट्रे हातात घेण्यापूर्वी एक पूर्ण फेरी रिकाम्या हाताने मारावी, हे मी प्रत्येक नवख्याला सांगतो. दुकान अगदी चिंचोळे असेल आणि सगळे एकाच दिशेने सरकत असतील तर हे जमत नाही. तेव्हा बाहेरून काचेतूनच फळ्या पाहून घ्याव्यात. कारण चिमट्याने एकदा उचललेला पाव परत ठेवायचा नसतो. पाव हाताने चाचपणे, दाबून पाहणे, त्यावर वाकून बोलणे ही वागणूक तिथे फार खटकते. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी, ओली छत्री दारातल्या स्टँडमध्ये ठेवावी आणि लहान मुलांच्या हाती चिमटा देऊ नये. फोटो काढायचा असल्यास आधी ‘शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?’ असे विचारावे. बरीच दुकाने पावांचा फोटो काढू देतात, पण इतर ग्राहक त्यात येऊ नयेत याची काळजी घ्यावी.

ट्रेवर पाव एकावर एक रचू नयेत. यात नीटनेटकेपणा आहेच, पण एक व्यावहारिक कारणही आहे: काही दुकानांत ट्रे कॅमेऱ्याखाली ठेवला की यंत्र पावांचे आकार ओळखून बिल करते. ह्योगो प्रांतातल्या एका कंपनीने तयार केलेली ‘बेकरीस्कॅन’ ही त्यातली सर्वपरिचित प्रणाली होय. पाव एकमेकांना चिकटले किंवा झाकले गेले की यंत्राला ते ओळखता येत नाहीत आणि रांग अडते.

काय घ्यावे

बागेत हातात येण्यापूर्वी तो डोळ्यांनी नीट पाहावा. चांगल्या बागेतचा रंग फिकट पिवळा नसतो. तो गडद तांबूस असतो आणि उंचवट्यांवर जवळजवळ काळपट झाक असते. भट्टीत घालण्यापूर्वी बेकर पात्याने तिरप्या रेघा मारतो. भाजताना पाव फुगला की त्या रेघा उमलतात आणि प्रत्येक रेघेची एक कड वर उचलली जाऊन पातळ, करकरीत धार तयार होते. ही धार स्पष्ट असेल तर पीठ योग्य वेळी भट्टीत गेले आहे. कवचावर बारीक फोड दिसले तर ते पीठ थंड जागी दीर्घकाळ आंबवल्याचे लक्षण असू शकते, त्यात दोष मानू नये. नुकता निघालेला बागेत कानाजवळ धरला तर कवच तडकत असल्याचा बारीक आवाज येतो. कापल्यावर आतला गाभा पांढराशुभ्र नव्हे तर सायीच्या रंगाचा असावा आणि छिद्रे लहानमोठी, वेडीवाकडी असावीत. ज्यांनी गोव्यात पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, ताजा कडक उंडो खाल्ला आहे त्यांना या कवचाची कल्पना लगेच येईल, फक्त बागेतचे कवच अधिक पातळ असून सहज फुटते.

हे कवच होते ते वाफेमुळे. भट्टीत पाव सरकवताच आत वाफ सोडली जाते, त्यामुळे पृष्ठभाग काही मिनिटे ओलसर आणि लवचिक राहतो, पाव पूर्ण फुगतो आणि मग तो थर चकाकीसह कडक होतो. यासाठी लागणाऱ्या भट्ट्या आणि पीठ दोन्ही जपानने आत्मसात केली आहेत. फ्रेंच पावासाठी मुद्दाम दळलेले निस्शिन कंपनीचे ‘लिस दोर’ हे पीठ तर तिथल्या बेकरांच्या रोजच्या बोलण्यातले आहे, आणि होक्काइदोच्या गव्हाचा अभिमानाने उल्लेख करणाऱ्या पाट्याही जागोजागी दिसतात.

बागेतच्या कुटुंबात आणखी काही नावे ओळखीची करून घ्यावीत. ‘बातारु’ आखूड आणि जाड असतो. त्यात गाभा जास्त असल्याने कडक पावाची सवय नसलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तो बरा पडतो. ‘बुरु’ गोल असतो. ‘काम्पान्यु’ हा बहुधा राय नावाच्या धान्याचे किंवा अख्ख्या गव्हाचे पीठ मिसळलेला मोठा, किंचित आंबट पाव असून तो अर्धा किंवा चतकोर कापूनही मिळतो. एकट्या राहणाऱ्याने तो घ्यावा, कारण तो बागेतपेक्षा दोन-तीन दिवस जास्त टिकतो. ‘एपि’ गव्हाच्या लोंबीच्या आकाराचा असतो. लोण्याच्या थरांचे क्रोसाँ, त्याच पिठाचे चॉकलेटचे पाव आणि ब्रिटनी प्रांताचा ‘क्विनि-आमान’ हे सर्वत्र मिळतात आणि छान लागतात; त्यांच्याविषयी जास्त सांगायची गरज नाही.

काही पाव फ्रेंच सांगाड्यावर जपानने घडवलेले आहेत. मऊसर लांब पावात गोड लोण्याचे सारण भरलेला ‘मिरुकु फ्रान्सु’ मुलांना हमखास आवडतो. फुकुओकाकडे प्रसिद्ध असलेला ‘मेन्ताइ फ्रान्सु’ दिसायला लसूण-पावासारखा असला तरी त्यावरचे केशरी मिश्रण माशाच्या तिखट अंड्यांचे असते.

शाकाहारी वाचकांसाठी

फ्रान्समध्ये 1993 च्या शासकीय आदेशानुसार ‘परंपरागत’ म्हणून विकला जाणारा फ्रेंच पाव मूलतः मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढ्यावरच करावा लागतो. जपानला हा नियम लागू नाही, तरीही चांगल्या बुलांजेरीतला बागेत, बातारु आणि साधा काम्पान्यु बहुधा याच रीतीने केलेला असतो, म्हणजे त्यात अंडे नाही, दूध नाही, चरबी नाही. उलट मऊ पावांत लोणी, दूध आणि अंडे सर्रास असतात आणि क्वचित डुकराची चरबीही असते. ‘सोफुतो फ्रान्सु’ असे नाव असेल तर तो मऊ गटातला समजून चौकशी करावी.

विशेष सावध राहावे असे पदार्थ थोडे आहेत, पण ते फसवे आहेत. एपिमध्ये बहुतेक वेळा बेकन दडवलेला असतो आणि बाहेरून तो फारसा दिसत नाही. करीपान नावावरून आपला वाटतो, परंतु त्यातल्या रश्श्यात सामान्यतः गोमांस किंवा डुकराचे मांस असते. ब्रिओश या मऊ फ्रेंच पावाच्या पिठातच अंडी असतात आणि क्रोसाँवर चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवलेला असतो. चीज, ऑलिव्ह किंवा टोमॅटो दिसले म्हणून पाव शाकाहारी ठरत नाही, सोबत अँचोव्ही मासा किंवा हॅम असू शकते. मनुका घातलेल्या पावांत मनुका रममध्ये भिजवलेल्या असण्याचीही शक्यता असते.

विचारण्यासाठी दोन वाक्ये पाठ असावीत: ‘निकु वा हाइत्तेइमास का?’, म्हणजे यात मांस आहे का, आणि ‘तामागो वा हाइत्तेइमास का?’, म्हणजे यात अंडे आहे का. केवळ मांसाविषयी विचारल्यास बेकन, हॅम किंवा चरबी विक्रेत्याच्या मनात येईलच असे नाही, म्हणून ‘बेकोन’, ‘हामु’ आणि ‘रादो’, म्हणजे डुकराची चरबी, हे शब्द वेगळे विचारावेत. ॲलर्जी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर अंडे, दूध, गहू, शेंगदाणा, अक्रोड अशा ठरावीक घटकांची नोंद बंधनकारक आहे, पण दुकानात भाजून सुट्या विकल्या जाणाऱ्या पावांना ते बंधन नाही. पाटीवर काही लिहिले नाही याचा अर्थ तो घटक त्यात नाही असा होत नाही. काही दुकानांत घटकांची वही काउंटरमागे असते आणि मागितल्यास ती दाखवतात.

काउंटरवर

पाटीवर बरेचदा दोन किमती असतात, एक कराविना आणि एक करासह. द्यायची रक्कम करासहितची, म्हणजे ‘झेइकोमि’. ऑक्टोबर 2019 मधल्या बदलापासून खाद्यपदार्थ बांधून नेल्यास 8 टक्के आणि दुकानातच बसून खाल्ल्यास 10 टक्के कर लागतो. म्हणजे कराविना 300 येनचा पाव घरी नेल्यास 324 आणि तिथे खाल्ल्यास 330 येनला पडतो. त्यामुळे विक्रेता पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतो. बसून खायचे असल्यास ‘तेन्नाइ दे’ आणि न्यायचे असल्यास ‘मोचिकाएरि दे’ एवढे उत्तर पुरते. बांधून घेतो असे सांगून तिथेच बसणे योग्य नव्हे.

नंतर पिशवी हवी का असे विचारतात. जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून आपली कापडी पिशवी नेऊन ‘फुकुरो वा इरिमासेन’ असे सांगावे. पॉइंट कार्ड आहे का हा तिसरा प्रश्न असतो. त्याला ‘नाइ देस’ म्हणावे. प्रश्न याच क्रमाने येतील असे नाही, पण बहुतेक ठिकाणी याच तीन गोष्टी विचारल्या जातात हे ठाऊक असले की गोंधळ होत नाही. लहान दुकाने आजही फक्त रोख घेतात. पैसे विक्रेत्याच्या हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवावेत. टिप देण्याची पद्धत नाही.

विक्रेता प्रत्येक पाव वेगळ्या पातळ पिशवीत घालतो. पाव गरम असेल तर पिशवीचे तोंड मुद्दाम उघडे ठेवतो, कारण ते बंद केल्यास आतल्या वाफेने कवच मऊ पडते. घरी पोहोचेपर्यंत ते तसेच उघडे राहू द्यावे. बागेत लांब कागदी पिशवीत मिळतो. गर्दीच्या लोकलमधून जायचे असेल तर ‘हान्बुन नि कित्ते कुदासाइ’ असे म्हणून तो मधोमध कापून घ्यावा. चकत्या मात्र करून घेऊ नयेत, त्याने तो लवकर वाळतो. सँडविचचा चौकोनी पाव घेतल्यास किती चकत्या कराव्यात असे विचारतात. आकडा जितका मोठा तितकी चकती पातळ. टोकियोकडे सहा किंवा आठ चकत्या रूढ आहेत, तर ओसाका-क्योतोकडे चार-पाच जाड चकत्यांना पसंती असते.

घरी आणल्यावर

बागेतमध्ये स्निग्धांश नसल्याने तो त्याच दिवशी खाण्याचा पदार्थ आहे. जपानच्या दमट उन्हाळ्यात तर त्याचे कवच तीन-चार तासांत नरम पडते आणि चांगल्या बेकराचाही त्यावर इलाज चालत नाही. दुपारी आणलेला पाव रात्रीच्या जेवणाला खायचा असेल तर कागदी पिशवीतच ठेवावा. खाण्यापूर्वी वरून पाण्याचा हलका हबका मारून तो सुमारे 200 अंशांवर तापवलेल्या ओव्हन टोस्टरमध्ये तीन-चार मिनिटे ठेवला की कवच पुन्हा कुरकुरीत होते. मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यास तो आधी लिबलिबीत आणि थंड होताच चामट होतो.

फ्रिजमध्ये पाव ठेवू नये, कारण तिथल्या तापमानाला पिठातला स्टार्च अधिक वेगाने घट्ट होतो आणि पाव लवकर शिळा होतो. उरलेला बागेत त्याच दिवशी कापून, तुकडे घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावेत आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावेत. ते वितळण्याची वाट न पाहता गोठलेलेच टोस्टरमध्ये घालावेत. आधी दोन मिनिटे ॲल्युमिनियमच्या कागदाखाली आणि मग कागद काढून आणखी दोन-तीन मिनिटे ठेवावे, म्हणजे आतला भाग गरम होण्याआधी वरची बाजू करपत नाही.